लगाम धरणाऱ्याचे शब्द

'मुजोर' हा शब्द मुळात घोड्याचा. हिंदुस्तानीतला 'मुंहजोर' मराठीत येता येता त्यातला अनुस्वार गळला, ह गेला आणि मुजोर उरला. 'मुंह' म्हणजे संस्कृतातलं 'मुख', 'जोर' फारसी. ज्या जनावराचा सगळा जोर तोंडात आहे, लगाम कितीही खेचला तरी जे मान वळवत नाही, लोखंडाची कडी दातांत धरून आपल्याच वाटेने पळत सुटतं, ते मुंहजोर. हे विशेषण खोगिरावर बसलेल्या माणसाने दिलेलं आहे. घोड्याच्या तोंडातला जोर बघणाऱ्याला दिसत नाही, तो लगाम धरणाऱ्याच्या हाताला कळतो.

इंग्रजी बोलणाऱ्यांनीही घोडा असाच हाताळला आणि जवळजवळ हाच शब्द घडवला: 'हार्ड-माउथ्ड', म्हणजे कठीण तोंडाचा. आधी घोडा, मग माणूस. 'हेडस्ट्राँग'मध्ये तो जोर तोंडातून डोक्यात चढला. 'अनब्रायडल्ड' म्हणजे लगाम नसलेला, आपला 'बेलगाम'. 'रिकॅल्सिट्रंट' हा भारदस्त शब्द लॅटिनमधल्या टाचेवरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ मागच्या पायांनी लाथ झाडणारा. हट्टी माणसाला 'खेचरासारखा' म्हणणं तर इंग्रजीत रोजचंच. दोन भाषा हजारो मैलांवर वाढल्या आणि न ऐकणाऱ्या माणसाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दोघीही तबेल्यात गेल्या. हा योगायोग मला वाटत नाही. दोन्हीकडे शब्द घडवणारा हात एकाच जातीचा होता, हुकूम देणारा.

मुजोर या शब्दात आणखी एक गोष्ट आहे. न ऐकणं आणि उलट बोलणं हे दोन वेगळे गुण त्यात एकजीव झाले आहेत. मुजोर पोरगं म्हणजे सांगितलेलं करत नाही ते, आणि वर तोंड करून बोलतं तेही. घोड्याच्या बाबतीत हा फरक नव्हताच, कारण त्याचा विरोध तोंडातूनच व्हायचा. शब्द माणसाला लागू झाला आणि तोंडाचा दुसरा उपयोगही त्यात आला.

खुद्द 'तोंड' हा शब्दही माणसाच्या चेहऱ्यासाठी जन्माला आलेला नाही. संस्कृत 'तुण्ड' म्हणजे पक्ष्याची चोच, डुकराचं मुस्कट, हत्तीची सोंड. गणपतीच्या 'वक्रतुंड' या नावात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. संस्कृताने माणसासाठी 'मुख' आणि 'वदन' ठेवलं. मराठीने मात्र चोचीचा शब्द उचलून सरसकट सगळ्यांना लावला. त्याच तोंडाला 'आळ' जोडून 'तोंडाळ' झाला, जसा 'केसाळ' किंवा 'मांसाळ'. ज्याच्यापाशी तोंड जरुरीपेक्षा जास्त आहे, तो तोंडाळ. वऱ्हाडीत ळ चा य होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तसा तोंडाळचा 'तोंडाय' आणि फटकळचा 'फटकय'. "लय फटकय हाये ती" हे वाक्य ज्याने बुलढाणा जिल्ह्यात ऐकलं असेल, त्याला त्या य मध्ये फटक्याचा सपकारा थोडा मऊ झालेलाही ऐकू येईल.

मी हे चिखली तालुक्यातलं उंद्री डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. पुण्याजवळची नव्हे, खामगाव-चिखली रस्त्यावरची उंद्री. या गावाला उदयनगर असं दुसरं नावही आहे आणि बातम्यांत ते छापलंही जातं. तरी लोकांच्या तोंडून उंद्री गेलेलं नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. जिल्ह्यातली माणसं एकमेकांची ओळखसुद्धा याच शब्दांनी करून देतात. खाली खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा ही पूर्णेच्या खोऱ्यातली गावं; वर चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार. घाटावरची बोली एका अंगाने वऱ्हाडी आणि दुसऱ्या अंगाने शेजारच्या मराठवाड्याची. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आले, तेव्हा तिथला कापसाचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी होता. आजूबाजूचा कापूस तिथे पोचायचा तो बैलगाडीतून. घाटात बैल अडला की मागच्या सगळ्या गाड्या थांबायच्या. अशा मुलखात न ऐकणाऱ्याला नाव द्यायला कोणी ग्रंथ उघडत नाही, नाव दावणीलाच असतं.

'अडेल' हा शब्द 'अडणे' यातून निघाला आणि पुढे 'तट्टू' लागून अडेलतट्टू झाला. इंग्रजाने खेचर घेतलं, आपण तट्टू घेतलं. कारण दख्खनच्या वाटांवर ओझं वाहायला तट्टू होतं. भीमथडीच्या तट्टांनी मराठी फौजा दूर दूरच्या मुलखात नेल्या. इतक्या उपयोगी जनावराची आठवण भाषेने दोनच जागी ठेवली, एक 'अडेलतट्टू' आणि दुसरी 'भाड्याचं तट्टू'. दोन्ही शिव्या. त्याने जे हजारो कोस न अडता कापले, त्यासाठी एकही शब्द नाही. मला हे खटकतं. चालणाऱ्याला भाषा नाव देत नाही, थांबणाऱ्याला देते.

'नाठाळ' हाही गोठ्यातून आलेला. 'माजोरडा' आणि 'माजलेला' यांतला माज म्हणजे जनावराचा माज. 'माजणे' संस्कृतातल्या 'माद्यति'पासून आलं, म्हणजे 'मद' त्याच घरातला. 'मस्तवाल' फारसीतल्या मस्तीचा. आणि या सगळ्यांवर जालीम उपाय म्हणून बैलाच्या नाकातली दोरी: 'वेसण घालणे'. आपल्याकडे महागाईला वेसण घालतात, गुन्हेगारीला घालतात, अग्रलेखात तर आठवड्याला एकदा तरी कोणाला तरी वेसण घातली जाते. नाकपुडी टोचताना बैलाला काय होतं, हे ज्याने पाहिलं आहे तो हा वाक्प्रचार इतक्या सहज वापरणार नाही.

माणसाच्या तोंडाला लगाम घालणं ही इंग्रजांच्या देशात नुसती बोलण्याची रीत नव्हती. १६ व्या शतकापासून स्कॉटलंडमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये लोखंडाचा एक सांगाडा वापरात होता. तो डोक्याभोवती अडकवायचा आणि त्याची एक पट्टी तोंडात शिरून जीभ खाली दाबून धरायची. त्याचं नाव होतं 'स्कोल्ड्स ब्रायडल', कजाग बाईचा लगाम. भांडखोर, फटकळ, शेजाऱ्याला किंवा नवऱ्याला तोंडावर बोलणारी बाई ही शिक्षेला पात्र गुन्हेगार ठरायची आणि तो लगाम घालून तिला गावातून फिरवलं जायचं. असे लगाम तिथल्या संग्रहालयांत आजही ठेवलेले आहेत. रूपक आधी जन्मतं आणि वस्तू मागून येते, याचं इतकं भीषण उदाहरण दुसरं मला माहीत नाही. बाईला घोडी म्हटलं, मग तिच्यासाठी लोहाराने लगाम ठोकला.

आपण लोखंड वापरलं नाही, शब्द वापरले. तोंडाळ, कजाग, भांडकुदळ, कैदाशीण, खाष्ट. आता दुसरी यादी पाहा: स्पष्टवक्ता, परखड, रोखठोक, सडेतोड, बाणेदार. पहिल्या यादीतले शब्द उच्चारले की बाई दिसते, दुसऱ्या यादीतले उच्चारले की पुरुष. स्वभाव तोच. ग्रामसभेत उभा राहून हिशेब मागणारा गडी रोखठोक असतो आणि त्याच सभेत रेशनचा हिशेब मागणारी बाई तोंडाळ ठरते. 'रोखठोक'चं मूळ व्यवहारातलं आहे: उधारी नाही, पैसे मोजून हातावर. बाजारात ज्याच्याकडे रोख रक्कम असते तोच रोखठोक बोलू शकतो, आणि आपल्या गावगाड्यात रोकड बाईच्या हाती क्वचित आली. तिचा शब्द म्हणूनच उधारीवरचा मानला गेला.

अपवाद आहे तो राजघराण्यातल्या बाईचा. याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजात जन्मलेल्या जिजाऊंना आपण 'करारी' म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. 'करार' अरबी, अर्थ स्थैर्य, ठरणं, पक्केपणा. जो ठरल्या जागेवरून हलत नाही तो करारी. पण जिजाऊंना करारी म्हणणारी जीभ शेजारणीला तोच शब्द देताना अडखळते. मला वाटतं, मराठीने यातून बाहेर पडावं आणि ते अवघड नाही. 'स्पष्टवक्ती' हा शब्द तयार आहे, 'परखड' आणि 'रोखठोक' यांना तर लिंगच नाही. 'स्पष्ट' या शब्दाच्या मुळाशी 'स्पश्' म्हणजे पाहणं हा धातू आहे. लॅटिनमधलं 'स्पेक', ज्यातून स्पेक्टॅकल आणि इन्स्पेक्टर आले, ते त्याचंच भावंड. ज्याला दिसलं ते जो सांगतो तो स्पष्ट बोलतो. दिसणं तर सगळ्यांनाच दिसतं.

वऱ्हाडाकडे याहून जुना दाखला आहे. १३ व्या शतकात महानुभावांच्या परंपरेत महदाइसा होती, मराठीतली आद्य कवयित्री. गुरू चक्रधरांना प्रश्न विचारताना ती थांबत नसे. एका उत्तराने समाधान झालं नाही तर दुसरं विचारी. चक्रधरांनी तिच्या या स्वभावाला तोंडाळपणा म्हटलं नाही. चर्चा करणारी, जाणून घेऊ पाहणारी म्हणून तिचा गौरव केला. हे सगळं लीळाचरित्रात नोंदलेलं आहे आणि त्या पंथाचं मोठं केंद्र रिद्धपूर, अमरावती जिल्ह्यात. मराठी गद्याच्या पहिल्या पानांतच प्रश्न विचारणाऱ्या बाईसाठी मानाचा शब्द होता. तो आपण मध्येच कुठेतरी टाकून दिला.

आता 'हट्ट'. संस्कृत 'हठ' म्हणजे बळ, जबरदस्ती. हठयोगातला तोच हठ. मराठीत येताना त्याचा ठ बोथट झाला आणि ट्ट ठोस झाला. संस्कृतातही 'हट्ट' असा शब्द आहे, पण तो बाजाराचा. त्यातून आपला आठवडी 'हाट' निघाला. दिसायला एक, वंश वेगळे. हट्ट मराठीने बहुतेक मुलांच्या वाट्याला ठेवला आहे. बालहट्ट म्हटलं की ओठांवर हसू येतं, स्त्रीहट्ट म्हटलं की कपाळावर आठी, आणि राजहट्ट म्हटलं की खजिना रिकामा. मोठ्या माणसाचा हट्ट नावडता झाला की त्याचा 'हेका' होतो. हेकेखोर या शब्दातलं 'खोर' फारसीतलं, अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, चुगलखोर चुगली खातो, हेकेखोर स्वतःचा हेका खाऊन जगतो. ही प्रतिमा मला फार अचूक वाटते. असा माणूस दुसरं काही गिळतच नाही.

'चिकाटी' आणि 'चिकट' एकाच चिकाची लेकरं. रुईच्या पानातून गळणारा पांढरा चीक बोटाला लागला की सुटत नाही. एकीचं कौतुक झालं, दुसरा कंजूस ठरला.

व्युत्पत्ती सांगताना मोह आवरावा लागतो, कारण सारखे दिसणारे शब्द बोलावून घेतात. इंग्रजी 'स्टबर्न' हा शब्द 'स्टब' म्हणजे झाडाच्या बुंध्याचा उरलेला खुंट यावरून आला, असं पुष्कळांनी म्हटलं आहे. कोशकारांना ते सिद्ध करता आलेलं नाही. मराठीत 'खोड' म्हणजे बुंधा आणि 'खोड' म्हणजे वाईट सवय. मराठी माणसाला लगेच वाटतं, सापडलं! दोन्ही भाषांत हट्ट बुंध्यातून उगवला! पण आपलं बुंध्याचं 'ते खोड' आहे आणि सवयीची 'ती खोड'. लिंग वेगळं, अनेकवचन वेगळं. एवढ्या पुराव्यावर दोघांचं नातं जुळवणं म्हणजे आडनावावरून सोयरीक करणं. सॅम्युएल जॉन्सनसारख्या मोठ्या कोशकाराचा अनुभव ध्यानात ठेवावा. १७५५ च्या त्याच्या इंग्रजी कोशात 'कर्मजन', म्हणजे तिरसट कंजूस माणूस, हा शब्द फ्रेंच 'कर मेशां', दुष्ट काळीज, यावरून आला असावा असं एका अज्ञात पत्रलेखकाच्या हवाल्याने दिलं होतं. २० वर्षांनी जॉन ॲश नावाच्या दुसऱ्या कोशकाराने ती नोंद घाईत वाचली आणि आपल्या कोशात लिहिलं की 'कर' म्हणजे अज्ञात आणि 'मेशां' म्हणजे पत्रलेखक. कर्मजन खरोखर कुठून आला ते अजूनही उलगडलेलं नाही. मराठीत आपल्यापाशी कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश आहे. शब्दाविषयी मत बनवण्याआधी तो उघडण्याची सवय शाळेपासून लागायला हवी.

एक चुकीचं भाषांतर मात्र जगभर मान्यता पावलं, आणि ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातलं आहे. स्पष्ट बोलणाऱ्याबद्दल इंग्रजीत म्हणतात, तो फावड्याला फावडं म्हणतो. मूळ ग्रीक म्हणीत फावडं नव्हतंच. अंजिराला अंजीर आणि पीठ मळायच्या लाकडी काथवटीला काथवट म्हणणारा, असं ते होतं. १६ व्या शतकात इरॅस्मसने हे लॅटिनमध्ये आणताना काथवटीच्या ग्रीक शब्दाचा अर्थ खणायचं हत्यार असा केला. निकोलस उडालने १५४२ साली इरॅस्मसवरून इंग्रजी केलं आणि फावडं इंग्रजीत कायमचं बसलं. आता मराठी लेखांतही हे फावडं दिसू लागलं आहे. त्याची गरज नाही. आपल्याकडे 'दुधाचं दूध, पाण्याचं पाणी' आहे, 'एक घाव दोन तुकडे' आहे, 'पोटात एक ओठात एक नाही' असं साधं सरळ वर्णन आहे. आणि 'खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो' या म्हणीत खरं बोलण्याची किंमतही सांगितलेली आहे, जी फावड्याच्या म्हणीत नाही. मराठीला खणायचं हत्यार आठवलं ते 'भांडकुदळ'मध्ये. त्या शब्दात कुदळ ऐकू येते आणि भांडण उकरून काढणारा माणूस समोर उभा राहतो.

आतापर्यंतचे बहुतेक शब्द शिक्षेचे होते. काही शब्द मात्र शिक्षेतून सुटले, आणि मला त्यांच्याविषयी सांगायचं आहे. पहिला 'जिद्द'. अरबीत त्याचा अर्थ विरुद्ध, उलट बाजू. फारसी-हिंदुस्तानीतून तो आपल्याकडे आला तेव्हा विरोध आणि हट्ट हेच त्याचे अर्थ होते. हिंदीत आजही 'जिद मत करो' हे दटावणं आहे आणि 'जिद्दी बच्चा' ही तक्रार. मराठीत मात्र जिद्दी मुलगी दहावीला पहिली येते, जिद्दी शेतकरी माळरानावर बाग फुलवतो, जिद्दीच्या जोरावर माणूस अपंगत्वावर मात करतो. शब्द तोच, सीमा ओलांडली की दटावणीचं कौतुक होतं. घाटाखाली मलकापूरपासून थोडं उत्तरेला गेलं की मध्य प्रदेश लागतो. तिथल्या हिंदी ऐकणाऱ्या माणसाला आपलं 'तुझ्यात जिद्द पाहिजे' हे वाक्य नवल वाटावं. मराठीने विरोधाच्या शब्दातून विरोधी माणूस काढला आणि त्याच्या जागी परिस्थिती ठेवली. जिद्द आता कोणा माणसाशी नसते, दुष्काळाशी असते, गरिबीशी असते.

दुसरं घराणं 'स्था' धातूचं. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला 'ऑब्स्टिनेट' उभं राहण्याच्या ज्या प्राचीन धातूपासून निघाला, त्याचंच संस्कृत रूप 'स्था'. त्यातून आपल्याकडे 'स्थान'चं 'ठाण' झालं, 'स्थामन्'चं 'ठाम' झालं आणि 'स्थित'वरून 'ठिय्या'. इंग्रजीत त्या मुळाला हट्टी, अडेल माणूस आला. मराठीत आला तो ठाम माणूस, ठाण मांडून बसलेला माणूस, आणि तहसील कचेरीसमोर ठिय्या देऊन बसलेले शेतकरी. सोयाबीन आणि कापसाच्या भावासाठी बुलढाणा जिल्ह्याने किती ठिय्ये पाहिले असतील! कचेरीतला साहेब त्यांना ऑब्स्टिनेट म्हणेल, मराठी त्यांना ठाम म्हणते. दोघेही एकाच धातूवर उभे आहेत.

आणि तिसरा 'आग्रह'. 'ग्रह्' म्हणजे धरणं. जेवणाच्या पंगतीतला आग्रह गोड, पण 'दुराग्रही' आणि 'पूर्वग्रह' कडू. दक्षिण आफ्रिकेत गांधींना आपल्या लढ्यासाठी नाव हवं होतं. 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हा इंग्रजी शब्द त्यांना दुबळा वाटत होता. 'इंडियन ओपिनियन'मधून त्यांनी वाचकांना शब्द मागितले. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि गांधींनी तो 'सत्याग्रह' केला. न सोडण्याच्या वृत्तीला सत्याचा टिळा लागला. १९३० मध्ये वऱ्हाडात समुद्र नव्हता, मिठाचा कायदा मोडायला किनारा नव्हता, तेव्हा लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. जंगल सत्याग्रह म्हणून तो गाजला. सरकारी भाषेत हे आज्ञाभंग करणारे लोक अडेलच होते. लोकांनी त्यांना सत्याग्रही म्हटलं आणि इतिहासात लोकांचा शब्द टिकला.

तोंडाच्या बाजूने असंच काम गाडगेबाबांनी केलं. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात त्यांचा जन्म. कीर्तनात ते अडाण्यासारखे प्रश्न विचारत आणि हजारोंच्या समुदायाकडून उत्तर वदवून घेत. देवापुढे बोकड का कापता, कर्ज काढून लग्न का करता, दारू कशाला पिता, माणसाला शिवत का नाही, हे सगळं अस्सल वऱ्हाडीत, समोरच्याची भीड न ठेवता. 'भीड' हा मराठीचा मोठा शब्द आहे. हिंदीत ती गर्दी, मराठीत संकोच. 'भीड भिकेची बहीण' अशी आपली म्हण. गाडगेबाबांच्या कीर्तनात हिंदीतली भीड पुष्कळ आणि मराठीतली जराही नाही. कोणीही त्यांना फटकळ म्हटलं नाही. हाती झाडू घेऊन ज्या गावाची घाण आधी काढली, त्याच गावाला रात्री सुनावलं, म्हणून त्यांचं तोंड लोकांनी डोक्यावर घेतलं.

या शब्दांची नोंद कोणी केली, हेही पाहायला हवं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची दुसरी, सुमारे ६० हजार शब्दांची आवृत्ती १८५७ ची. मराठीवर त्याचे उपकार अपार आहेत. पण त्याचे पंडित होते मुंबई इलाख्यातले, शब्द मुख्यतः कोकण आणि देशावरचे. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होतं, त्यानंतर ते इंग्रजांच्या कारभारात आलं. त्यामुळे घाटावरच्या दावणीचे आणि पाणवठ्याचे शब्द त्या पहिल्या मोठ्या जाळ्यात थोडेच आले. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, पण नमुनेच. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ पासून 'व.' अशी खूण करून वऱ्हाडी शब्द टिपले, तेव्हा कुठे दार उघडलं. तोवर कित्येक शब्द बोलणाऱ्यांबरोबर गेले असणार.

एक दिवस मात्र असा आहे, ज्या दिवशी वऱ्हाडात लगाम धरणारा आणि ओढणारा यांच्या जागा बदलतात. श्रावण अमावास्येचा पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, पोळ्याच्या दिवशी त्यांना औताला जुंपत नाहीत, नवी वेसण, झूल, शिंगांना रंग. तोरणाखाली बैल उभे राहिले की 'झडत्या' सुरू होतात. प्रमाण मराठीत झडती म्हणजे तपासणी, अंगझडती, घराची झडती. पोळ्यातली झडती म्हणजे खणखणीत आवाजात म्हटलेल्या यमकाच्या ओळी, त्यांत पाटलाची, सावकाराची, व्यापाऱ्याची, सरकारची, पावसाचीसुद्धा झडती होते. एरवी गप्प राहणारा सालगडी त्या तोरणाखाली मालकासमोर बोलतो, आणि त्याला कोणी मुजोर म्हणत नाही. वर्षातून एक दिवस का होईना, तोंडाळपणाला गावाने मान दिला आहे.

आणि 'मुजोर' हा शब्दही आता उलटा फिरला आहे. हल्लीचं वर्तमानपत्र पाहा: मुजोर अधिकारी, मुजोर कंत्राटदार, पीकविमा कंपनीची मुजोरी. सामान्य माणूस वरच्याला मुजोर म्हणू लागला. स्वार बदलला आहे. लगाम आपल्या हाती असला पाहिजे, असं लोकांना वाटू लागलं आहे. मतदानाच्या हक्काने मराठी शब्दकोशात केलेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून उंद्रीच्या आणि घाटावरच्या, घाटाखालच्या सगळ्याच वाचकांना विनंती आहे. येत्या पोळ्याला झडत्या लिहून घ्या. घरातल्या आजीला विचारा, न ऐकणाऱ्या पोराला, उलट बोलणाऱ्या सुनेला, कोणापुढे न वाकणाऱ्या म्हाताऱ्याला तिच्या लहानपणी काय काय म्हणत. गावाचं नाव, तालुका आणि साल घाला. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, तिथल्या अभ्यासकांपर्यंत ती वही पोचवा. आणि प्रत्येक शब्दापुढे एक गोष्ट न चुकता लिहा, जी आजवरच्या कोशांनी क्वचितच लिहिली: तो शब्द कोणी कोणाला म्हटला.